गंधकाचा रस्ता

“पण महाराज, गंधकानं कुणाचं काय घोडं मारलंय?”

निरंजन टिपणीस तावातावानं विचारत होता. हा रस्ते बांधणारा इंजिनिअर घाटाखालच्या मठात भीमगिर महाराजांसमोर बसला होता. मधे धुनी. मठात आलेल्यानं धुनीत एक लाकूड घालायचं, अशी तिथली रीत. यानं घाईत हाताला लागलं ते आत सारलं, आणि ते नेमकं ओलं निघालं. धूर सगळा महाराजांकडे जात होता. निरंजन मात्र सवयीनं वारा पाठीशी घेऊन बसला होता.

“तेल शुद्ध करताना गंधक निघतो. त्याचे ढीग साचतात, कुणाला नको असतात. मी तो डांबरात मिसळतो. डांबर कमी लागतं, उन्हाळ्यात रस्ता दबत नाही. टाकून दिलेली वस्तू लोकांच्या कामी येते. यात वाईट काय?”

“काहीच नाही,” महाराज म्हणाले. “मग अडलं कुठं?”

“मजूर काम सोडून पालांत जाऊन बसलेत. परवा मिश्रण जरा जास्त तापलं, धूर निघाला. आता म्हणतात, हा रस्ताच विषारी आहे. उद्या काम सुरू झालं नाही, तर सरकार हा प्रयोग कायमचा गुंडाळणार. तुमचा शब्द मजूर खाली पडू देत नाहीत. तेवढं सांगा त्यांना.”

“जास्त तापलं... आपोआप?”

निरंजनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्या म्हाताऱ्यासमोर खोटं बोलवेना.

“मीच आच वाढवायला सांगितली. रोलर यायला उशीर झाला, माल गार होत होता. त्यात पाहणीला साहेब लोक आलेले. मुकादम म्हणाला, वास वाढलाय. मी म्हटलं, चालू दे.”

“तुला ठाऊक नव्हतं?”

“होतं. गंधक फार तापवायचा नाही, हे तर मीच सगळ्यांना शिकवतो.”

“धूर कुणाला लागला?”

“सोजरबाईंना. फावड्यानं माल पसरत होत्या. दवाखान्यातून आल्यात, पण डोळे अजून...”

सोजरबाई रोज त्याला हाक मारून आपल्या भाकरीतला तुकडा द्यायच्या.

“आणि तू कुठं होतास?”

“वारा येतो त्या बाजूला.”

महाराजांनी जरा सरकून शेजारी घोंगडीवर जागा केली आणि तिच्यावर थाप मारली.

“तिकडे धूर येतोय, महाराज.”

“येतोय खरा.”

निरंजन उठला. धुनीला वळसा घालून त्यांच्याजवळ जाऊन बसला. पहिल्याच श्वासाला ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. उठून पळावंसं वाटलं. पण शेजारचा म्हातारा हलत नव्हता, आणि याला आता हलायची लाज वाटत होती.

...

“उद्या आच मी स्वतः बघेन,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “आणि माल पसरताना त्यांच्याजवळ उभा राहीन. पण आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही चला ना, महाराज.”

त्यानं खिशातून रुमाल काढला.

महाराजांनी त्याचं मनगट धरलं.

“पुसू नकोस. तसाच पालांकडे जा.”