झिंगराजी जमादाराची आखूड रायफल

वऱ्हाडातल्या एका गावात उकंडराव नावाचा एक शेतकरी राहत होता. त्याच्या घरात दोनच गोष्टी मोठ्या होत्या: आजोबांची पलटणीतली रायफल आणि उकंडरावाच्या बढाया. रायफलीचा लाकडी दस्ता मागून वीतभर कापलेला होता. खांद्याला टेकवायचा भागच नाही, मग ती चालवणार कोण? उकंडराव मात्र छाती फुगवून सांगायचा, "माह्या आज्यानं, झिंगराजी जमादारानं, दुश्मनाच्या तलवारीचा वार या दस्त्यावर झेलला!" ऐकणारे गालातल्या गालात हसायचे. तलवारीचा वार इतका सरळ रेषेत कसा बसला, हे विचारणं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

एका वर्षी राजानं दवंडी पिटवली. दसऱ्याला जुनी शस्त्रं दरबारात आणावीत. ज्याचं शस्त्र सर्वांत चांगलं राखलेलं असेल, त्याला मानाचा फेटा मिळेल आणि तो राजाच्या हत्तीपुढे चालेल.

झालं! उकंडरावाला झोपेतही हत्ती दिसू लागला. पण आखूड बंदूक घेऊन हत्तीपुढे चालायचं कसं? पोळा तोंडावर आला होता, तरी सगळी कामं टाकून त्यानं मदारभाई शिकलगाराला बोलावलं. मदारभाई हत्यारांना धार लावायचा, बंदुकाही दुरुस्त करायचा. त्यानं रायफल उलटसुलट करून पाहिली.

"नळीले जंग हाय, तो निघते. दस्त्याले चीर हाय, ते बुजते. पन असं काळं लाकूड इकडं भेटत नाई. सागाचा तुकडा जोडला तं थिगळ दिसन."

एवढ्यात तुळसाआत्या हसली. ती झिंगराजी जमादाराची लेक. पोळ्यासाठी कालच माहेरी आली होती आणि ओसरीवर बसून वाती वळत होती. म्हणाली, "तुकडा कायले शोधता? तो पाहा, आंगनात चरून राह्यला!"

अंगणात उकंडरावाची लेक मैना चाकांचा लाकडी बैल ओढत होती. तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा, जवळ आला होता. त्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. मैनेनं आपल्या बैलाला आधीच झूल घातली होती आणि गळ्यात घुंगरू बांधलं होतं.

"बाबा लढाईवरून आले, तो पोळ्याचा दिवस होता," आत्या सांगू लागली. "मी रडत होतो, मले बैल नाई म्हनून. पानी असं, का घरात एक काडी कोरडी नव्हती. बाबानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, मंग करवत घेतली अन् बंदूकच कापली. सकाळी माहा बैल तयार!"

उकंडरावाचं तोंड पाहण्यासारखं झालं. तलवार गेली, दुश्मन गेला, हाती राहिली करवत. पण हत्ती काही डोळ्यांपुढून हलेना. त्यानं मदारभाईला विचारलं, "बैल कापून दस्ता पुरा होईन काय?"

"होईन. सांधा दिसनार बी नाई."

उकंडरावानं मैनेला हाक मारली आणि बैल मागितला. मैनेनं सगळं ऐकलं होतं. तिनं झूल सोडली, घुंगरू काढलं आणि बैल बापाच्या हातात दिला.

"लावा बंदुकीले," ती म्हणाली. "पन पोळ्याच्या दिवशी परत काढून देजा. तुमच्या आज्यानं आत्याबाईले देला होता तसा."

उकंडरावानं लेकीकडे पाहिलं. ती घुंगरू मुठीत धरून उभी होती. आज्यानं बंदूक कापून पोरीला हसवलं, आणि मी बैल कापून पोरीला रडवणार! त्याला स्वतःची लाजही वाटली आणि हसूही आलं. मग तो इतका मोठ्यानं हसला की गोठ्यातले खरे बैल कान टवकारून पाहू लागले.

"मदारभाई, जंग काढा, चीर बुजवा. जिथं आज्यानं कापलं, तिथं हात लावू नका!"

तान्ह्या पोळ्याला मैनेचा बैल घुंगरू वाजवत मिरवला. पुढच्या महिन्यात उकंडराव आखूड रायफल घेऊन दरबारात उभा राहिला. राजानं विचारलं, "हा दस्ता लढाईत तुटला का?"

जुनी बढाई अगदी ओठांवर आली होती. उकंडरावानं ती गिळली. "नाई महाराज. पोळ्यात कामी आला." आणि त्यानं सगळी हकिकत सांगितली. दरबार खो खो हसला. राजाही हसला.

मानाचा फेटा दुसऱ्याच एका लखलखीत तलवारवाल्याला मिळाला. पण उकंडराव निघाला तेव्हा राजानं त्याला थांबवलं आणि दस्त्याच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाकीची शस्त्रं लढाईवरून परत आली," राजा म्हणाला. "तुमची बंदूक तेवढी घरी पोचली."

उकंडराव गावी परतला तो बोडक्यानंच, पण चालत होता जणू हत्तीवर बसून. आता तो येणाऱ्या-जाणाऱ्याला करवतीची गोष्ट सांगतो. गंमत अशी, की ती गावात कोणाला खरी वाटत नाही. "तलवारीचीच बरी होती गा," लोक म्हणतात. उकंडराव हसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतो.

तात्पर्य: जुनी वस्तू दुरुस्त करण्याआधी ती मोडली की कोणाच्या कामी आली, हे विचारावं. जे प्रेमानं कापलं, ते सांधायचं नसतं.