लाल वायरचा मान

खेळण्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एक उंदीर खेळण्यातल्या गाडीत बसून अडगळीची खोली हिंडायचा. गाडीत छोटीशी मोटर होती. सेलच्या धन टोकावर लाल वायर बसायची, ऋण टोकावर काळी. “मी थोरली, ही जागा माझीच,” असं लाल वायर रोज ऐकवायची.

एके दिवशी गाडी थेट बोक्याच्या दिशेने निघाली. बोका जिभल्या चाटत बसला होता.

“मोटरबाई, गाडी मागे घ्या हो!” उंदीर किंचाळला.

“मी काय करू? या दोघींनी जागा बदलल्या तरच मी उलटी फिरते,” मोटर म्हणाली.

“मी ऋण टोकावर बसू? जीव गेला तरी नाही!” लाल वायर फणकारली.

“तुझा कुठला, जाईल तो उंदराचा!” म्हणत काळी वायर उठली. तशी गाडी जागीच थांबली. बोका झेप घ्यायला पुढे सरकला. आता मात्र लाल वायर घाबरली आणि गुपचूप काळीच्या जागेवर जाऊन बसली. काळी तिच्या जागेवर टेकली, मोटर उलटी फिरली आणि गाडी सुसाट मागे येऊन कपाटाखाली शिरली. बोक्याचा पंजा बाहेरच राहिला.

उंदराने सुटकेचा निःश्वास टाकला.

थोड्या वेळाने लाल वायरने हळूच विचारलं, “मग आता थोरली कोण?”

“जी आधी उठली ती,” मोटर म्हणाली.