परदेशी गाडी आणि केरबावरचा आळ

बाजारपेठेच्या एका गावी रंगनाथ नावाचा मिस्त्री राहत असे. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो बिघाड सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. त्यामुळे "मला कळत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

त्याच गावात शिवलिंगअप्पा नावाचे गुळाचे व्यापारी होते. त्यांनी हौसेने एक परदेशी गाडी घेतली होती. ती त्यांचा ड्रायव्हर केरबा चालवायचा. एकदा गाडी खड्ड्यात जोरात आदळली आणि जागीच बंद पडली. ती ढकलत रंगनाथच्या गॅरेजात आणली.

रंगनाथने किल्ली फिरवली. स्टार्टर घरघर फिरत होता, पण गाडी काही सुरू होईना. ठिणगी नीट पडत होती. पेट्रोल मात्र इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. का पोचत नाही, ते त्याला उमगेना. असली गाडी त्याने पूर्वी कधी उघडलीच नव्हती.

बाजाराचा दिवस होता. बघे जमले होते. अप्पांनी विचारलं, "काय झालंय, मिस्त्री?"

सगळे आपल्याच तोंडाकडे बघताहेत, हे रंगनाथला जाणवलं. तो म्हणाला, "पंप जळालाय. पेट्रोल चोरून टाकीत रॉकेल घातलंय कुणीतरी."

कुणीतरी म्हणजे कोण, ते वेगळं सांगावं लागलं नाही. केरबा कळवळून म्हणाला, "अप्पा, देवाशप्पथ सांगतो, खड्ड्यात आदळली आणि बंद पडली. दुसरं काही झालं नाही."

"खड्ड्याने पंप जळतो होय?" रंगनाथ हसला. लोकही हसले. अप्पांनी तिथल्या तिथे केरबाला कामावरून काढलं.

मुंबईहून नवा पंप आला. तो बसवून रंगनाथने किल्ली फिरवली. पुन्हा तेच! स्टार्टर फिरतोय आणि इंजिन गप्प. पंपाची वायर शोधत त्याने डिकीतलं अस्तर उचकटलं. आत एक लहानसं बटण वर उडालेलं होतं. गाडीला मोठा धक्का बसला, की आग लागू नये म्हणून पेट्रोल बंद करणारं ते बटण. त्याने ते दाबलं. गाडी लगेच सुरू झाली. मग त्याने जुना पंप पुन्हा जोडून पाहिला. तोही ठणठणीत चालला.

हे पाहायला दुसरं कुणी नव्हतं. अप्पा आले आणि खूश झाले. "तुमच्यासारखा मिस्त्री नाही! त्या चोराला हाकललं ते बरंच झालं."

रंगनाथने खाली बघत नुसती मान हलवली.

पण त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. देवळात भजनाला केरबा येऊन बसला, की शेजारचे लांब सरकून बसायचे. रंगनाथला ते बघवेना. शेवटी एका सकाळी तो केरबाच्या घरी गेला. अंगणात उभं राहून त्याने सारं सांगितलं आणि हात जोडले.

केरबा म्हणाला, "मिस्त्री, चोर ठरवलंत तेव्हा भरला बाजार ऐकत होता. माफी मागायला मात्र एकटेच आलात."

रंगनाथला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो आल्या पावली परतला.

पुढच्या बाजारी अप्पांना बोलावून तो गॅरेजपुढे उभा राहिला. जीभ रेटत नव्हती. तरी मोठ्याने म्हणाला, "ऐका! केरबाने रॉकेल घातलं नव्हतं. पंपही जळाला नव्हता, डिकीतलं एक बटण उडालं होतं. मला बिघाड कळला नव्हता, आणि तसं म्हणायची लाज वाटली म्हणून मी त्याच्यावर आळ घेतला."

"एवढा मोठा मिस्त्री, आणि एक बटण दिसलं नाही?" कुणीतरी फिदीफिदी हसलं. रंगनाथने ते ऐकून घेतलं.

केरबा भाजीची पिशवी घेऊन गर्दीत उभा होता. अप्पा त्याच्याजवळ गेले. "चुकलो बाबा. उद्यापासून कामावर ये."

"नको अप्पा," केरबा म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं, तेवढं पुरे."

तो भर बाजारातून चालत निघाला. "केरबा, चहा घेऊन जा की!" हॉटेलातून कुणीतरी हाक मारली, आणि बाकावरच्या माणसांनी सरकून त्याला आपल्यात जागा केली. रंगनाथला त्या दिवशी कुणी हाक मारली नाही.

तात्पर्य: "मला कळत नाही" म्हणण्याची लाज घटकाभराची असते; पण ती झाकण्यासाठी दुसऱ्याला चारचौघांत खाली पाहायला लावलं, तर त्याहून मोठी लाज चारचौघांतच सोसावी लागते.