डब्याला पोचा नाही
सिग्नलला थांबलेल्या कुमुदआत्याच्या स्कूलव्हॅनला मागून एका कारचा जोराचा धक्का बसला. तेव्हापासून तिची मान वळेना, म्हणून व्हॅन चालवणं सुटलं. तिने भरपाई मागितली.

विमा कंपनीचे वकील धारप कोर्टात हसून म्हणाले, "बाई, व्हॅनला साधा पोचा नाही. मग तुमच्या मानेला काय होणार?"

आत्याने जेवणाच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढून उघडला. "दही घट्ट लागलंय ना, साहेब?" मग झाकण लावून तिने तो टेबलावर दणकन ठेवला. "आता पोचा शोधा."

धारपांनी डबा फिरवून पाहिला. "नाही दिसत."

"आता आत बघा."

दही मोडलं होतं, कडेने पाणी सुटू लागलं होतं. धारपांनी झाकण हळूच लावलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "मान कुठपर्यंत वळते?"