तगारे सरांचं कारण

त्या जूनमध्ये आमच्यासारखेच नवे आलेले रेक्टर तगारे सर नियमांना भारी पक्के. त्यांनी फाटकावर पाटी लावली: ‘होस्टेलमध्ये ज्याचे पहिले वर्ष आहे, अशा प्रत्येकाने सातनंतर आल्यास वहीत खरे कारण लिहावे.’ जेवणाच्या वेळी मेसमध्ये उभे राहून ती कारणं ते मुद्दाम गेंगाण्या आवाजात वाचायचे आणि सीनियर पोरं पोट धरून हसायची. आम्ही अर्थात थापाच लिहायचो. माझी आजी एका सत्रात तीनदा पडली होती.

एकदा वही सांभाळायची पाळी माझी होती. सव्वासातला खुद्द सरच आत आले. मी वही पुढे केली.

"सोनटक्के, मी रेक्टर आहे."

"हो सर. पण तुमचंही इथलं पहिलंच वर्ष ना? पाटीवर ‘प्रत्येकाने’ लिहिलंय, तुमच्याच अक्षरात."

मागे जमलेली पोरं खिदळली. सरांनी पाटीकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं, दोन ओळी लिहिल्या आणि खोलीकडे गेले.

जेवताना मी बाकावर चढलो आणि आधी न वाचताच, त्यांच्याच गेंगाण्या आवाजात सुरू केलं, "दवाखान्यात आज सहा महिन्यांनी बायकोने मला ओळखलं. तिथून उठवेना."

कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाचन बंद झालं. मला हवं होतं तेच झालं. पण त्या अख्ख्या वहीत खरं कारण तेवढं एकच होतं, आणि ते मी गेंगाण्या आवाजात वाचलं होतं.