जुन्या मोटारीच्या खणाचं कुलूप

“…पण माझ्या हातात कमी काय आहे, ते तरी सांगा ना चाचा?”

नेमिनाथानं हे विचारलं तेव्हा दस्तगीरचाचा एका किल्लीवर कानस चालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मिरजेत दर्ग्यामागच्या बोळात चाचांची कुलपं-किल्ल्यांची पेटी, आणि तिला लागून माझी फुलांची पाटी. एकोणीस वर्षांचा शेजार. म्हणून हे कुणी सांगितलेलं नाही, माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

“चार वर्षं झाली,” नेमिनाथ म्हणाला. “कारखान्याची तिजोरी मी उघडली. तुम्ही अख्खी दुपार लागेल म्हणाला होता, मी तासात उघडली.”

“उघडलीस.”

“मग नाव द्या.”

चाचांनी किल्लीवरची पूड फुंकरीनं उडवली…

त्यांच्यात तशी रीत होती. उस्ताद आपल्या तोंडानं ‘माझं नाव सांग’ म्हणेपर्यंत शागिर्दानं ते कुठं सांगायचं नाही. आणि नाव नसेल तर नव्या माणसाच्या हाती घराचं कुलूप कोण देतो? लोक आधी हेच विचारतात, कुणाच्या हाताखालचा तू?

नेमिनाथानं सांगलीत बसस्थानकाजवळ जागा धरून ठेवली होती. शुक्रवारी पेटी मांडायची होती. बायकोनं पेटीला हळदकुंकूसुद्धा लावून ठेवलेलं. सगळं होतं, नाव तेवढं नव्हतं.

“शुक्रवारला तीन दिवस राहिले, चाचा.”

“मला वार कळतात,” चाचा म्हणाले.

एवढ्यात बोळाच्या तोंडाशी मोटार थांबली. काळी, जुन्या घाटणीची, पण काच अशी पुसलेली की तिच्यात दर्ग्याचा घुमट दिसत होता. लिमये मास्तर उतरले. चित्रकलेचे मास्तर होते, आता निवृत्त. काखेत एक निळी कापडी पिशवी धरलेली.

पुढच्या सीटवर त्यांच्या मंडळी होत्या, मनोरमाबाई. त्यांच्या गुडघ्यांसमोरच मोटारीतला तो छोटा खण असतो ना, कागदपत्रं ठेवायचा, त्याचं झाकण सुतळीनं बांधलेलं होतं.

“दस्तगीर, एवढं कुलूप बघता का?” मास्तर म्हणाले. “काल सकाळी बघतो तर झाकण लोंबकळतंय. कंपनीच्या दुकानात गेलो, तर म्हणतात या गाडीचं सुटं कुलूप आता येत नाही, सगळाच जोड बदला. दारांची, डिकीची, सगळी कुलपं नवी. एवढ्याशा खणापायी.”

नेमिनाथ पुढं झाला. “मास्तर, दाराला कुलूप आहे ना? मग खणाला कशाला? एक जाड रबर अडकवा. माझ्या मेव्हण्यानं तर बांगडी अडकवलीय.”

“रबर नको.”

“आत काय सोनं ठेवता?”

मास्तर हसले नाहीत. पिशवी त्यांनी काखेत आणखी दाबली.

चाचांनी कानस खाली ठेवली. “किल्ली कुठंय?”

मास्तरांनी शर्टाच्या आत हात घातला आणि जानव्याला बांधलेली किल्ली बाहेर काढली. एवढीशी. झिजून चंदेरी झालेली.

“किल्ली हीच राहील?” मास्तरांनी विचारलं.

“हीच राहील,” चाचा म्हणाले. मग नेमिनाथाकडं न बघताच म्हणाले, “तू कर.”

मनोरमाबाईंना उतरावं लागलं. मी माझं पोतं सरकवून जागा केली, तशा त्या बसल्या. पाण्याची बाटली मांडीवर. मी म्हटलं, “मोगरा ताजा आहे, बघा.” त्यांनी गजरा हातात घेतला, पण बघितला नाही.

नेमिनाथ मोटारीत वाकला. दोन स्क्रू काढले आणि अंगठ्याएवढं पितळी कुलूप घेऊन चाचांच्या पेटीपाशी आला.

एक सांगते, त्याचे हात बघत राहावे असे होते. फुलं ओवायला मला जेवढा वेळ लागे तेवढ्यात त्यानं कुलपाचं पोट मोकळं केलं. आत पाच पत्त्या, नखाएवढ्या, पातळ. प्रत्येकीखाली केसासारखी स्प्रिंग. किल्लीचे दाते जसे, तशा त्या पत्त्या. त्या ज्या ओळीनं बसल्यात त्याच ओळीनं राहिल्या तर ती किल्ली फिरते, एक जरी मागंपुढं झाली तर तेच कुलूप आपल्याच किल्लीला ओळखत नाही.

कुलपाची जीभ मोडली होती. झाकणाला धरून ठेवते ती.

नेमिनाथानं कुलूप तळहातावर आपटलं. एक काळा तुकडा पडला. तांदळाएवढा. टोकाला बारीक गोळी.

बायकांना तो लगेच ओळखू येतो. केसांच्या पिनेचं टोक.

मी माझ्या शेजारी बघितलं नाही…

“चाचा,” नेमिनाथ हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत तेज आलं. “हे बघा.”

चाचांनी बघितलं. तुकड्याकडं, आणि मग मोडलेल्या जिभेकडं, आणि पितळेवरच्या ताज्या ओरखड्याकडं.

“झिजलंय,” ते म्हणाले.

“झिजलंय? चाचा, हे…”

“जुनं कुलूप. झिजलंय.”

नेमिनाथानं मूठ मिटली. त्याच्या तोंडावर काय आलं ते मला स्पष्ट दिसलं. कीव आली होती त्याला. उस्तादाचे डोळे गेले, असं त्याला वाटलं. चार वर्षं ज्यांच्यापुढं मान खाली घातली त्यांना पिनेचं टोक दिसू नये, आणि तेच आपल्याला म्हणतात अजून तयार नाहीस.

तो तुकडा त्यानं टाकला नाही. मुठीतच ठेवला.

पेटीच्या तळाला भंगारातल्या मोटारींची कुलपं असत. त्यातलं एक त्यानं काढलं, त्याच घाटणीचं, जीभ शाबूत. त्याची किल्ली कुठल्या गावात हरवली असेल कोण जाणे. त्याच्या पत्त्या त्यानं उपसून टाकल्या. मग मला म्हणाला, “मावशी, एक पान द्या.”

मी कर्दळीचं पान दिलं. त्यावर त्यानं मास्तरांच्या कुलपातल्या पाच पत्त्या ओळीनं मांडल्या. तिसरी वाकलेली होती. ती त्यानं ऐरणीवर ठेवून हातोडीनं अशी हलकी ठोकली, की आवाज मला आला नाही. मग एकेक उचलून भंगारातल्या कुलपात बसवली. स्प्रिंग, पत्ती. स्प्रिंग, पत्ती.

चाचा पुढं वाकून बघत होते. मीसुद्धा.

“किल्ली,” नेमिनाथ म्हणाला.

मास्तर वाकले, कारण किल्ली जानव्यालाच होती. वाकूनच त्यांनी ती घातली.

फिरली. लोण्यात फिरावी तशी.

परक्या मोटारीचं कुलूप, आणि पहिल्या वेळेला मास्तरांच्या किल्लीला ओळख दिली त्यानं. मी एकोणीस वर्षं हे बघत होते, तरी अंगावर काटा आला.

“किती झाले?” मास्तरांनी विचारलं.

“एका भंगार कुलपाचे द्या,” चाचा म्हणाले. “पत्त्या तर तुमच्याच आहेत.”

नेमिनाथानं कुलूप खणाला बसवलं. स्क्रू आवळले. झाकण लावलं, उघडलं, लावलं. सुतळी सोडून बाहेर टाकली.

मास्तर मोटारीशी उभे होते. हात मागं घेऊन, वर्गात उभे राहत असतील तसे.

“नेमिनाथ,” ते म्हणाले. “एक विचारू?”

“विचारा की.”

“ते मोडलं कसं? खड्ड्यात आदळून मोडलं… का कुणी उघडलं होतं?”

माझ्या शेजारी गजऱ्याची एक कळी तुटली. तेवढाच आवाज.

नेमिनाथानं चाचांकडं बघितलं. चाचांनी कानस उचलली होती, पण चालवत नव्हते. या खेपेला ते काही बोलले नाहीत. ‘झिजलंय’ म्हणाले नाहीत. त्यांची नजर कानशीवर, आणि कानस थांबलेली.

पुरावा नेमिनाथाच्या मुठीत होता. मूठ उघडली असती तर मास्तरांना कळलं असतं की खरा कारागीर कोण. बोळातल्या चार माणसांना कळलं असतं. उस्तादालाही मान्य करावं लागलं असतं. हात त्यानं थोडा वर उचललासुद्धा.

आणि मग त्याची नजर मनोरमाबाईंवर गेली.

त्या मान खाली घालून बसल्या होत्या. तुटलेली कळी त्यांनी बोटांत धरली होती, आणि ती पुन्हा दोऱ्यात घालायला बघत होत्या. देठ तुटलेली कळी कुठं ओवता येते? तरी त्या घालत होत्या…

“झिजलं होतं, मास्तर,” नेमिनाथ म्हणाला.

“नक्की?”

“जुनं कुलूप. जीभ झिजली होती. एक दिवस मोडायचीच.”

मास्तरांनी खूप वेळ त्याच्याकडं बघितलं. मग मान डोलावली.

त्यांनी पिशवी काखेतून काढली आणि खण उघडला. त्याबरोबर नेमिनाथानं तोंड फिरवलं आणि दर्ग्याच्या कबुतरांकडं बघत उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

झाकण लागलं. किल्ली फिरली. मास्तरांनी ती परत शर्टाच्या आत सोडली.

मनोरमाबाई उठल्या. गजरा मला परत दिला, पैसे दिले, गजरा मात्र राहू द्या म्हणाल्या. मोटारीपाशी गेल्या. बाटलीचं झाकण काढलं.

“साडेअकरा झाले,” त्या म्हणाल्या. “गोळी घ्या, मग निघू.”

“कसली गोळी?”

“जेवणाआधीची. पांढरी.”



मास्तरांनी बाईंकडं बघितलं. मग नुकत्याच लावलेल्या कुलपाकडं. मग परत बाईंकडं.

“कधीपासून माहितीय तुला?” ते म्हणाले. आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता त्यांचा.

“आधी गोळी.”

त्यांनी शर्टात हात घालून किल्ली काढली. वाकून खण उघडला, पिशवीतून गोळी घेतली, बाईंच्या हातचं पाणी प्यायले. बाईंनी पदरानं त्यांची हनुवटी टिपली. भर रस्त्यात. आमच्या देखत.

मग मास्तरांनी एक केलं. किल्लीची गाठ जानव्यातून सोडली, किल्ली खणाच्या कुलपात घातली, आणि तिथंच राहू दिली.

मोटार गेली. बोळात धूर थोडा वेळ राहिला.

नेमिनाथ चाचांपुढं उकिडवा बसला.

“चाचा… तुम्हाला तो तुकडा दिसला होता.”

चाचा किल्ली उजेडात धरून बघत होते.

“मला वाटलं, तुमचे डोळे…” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मूठ उघडली. पिनेचं टोक रुतून तळहातावर लाल ठिपका उमटला होता. “याचं काय करू?”

चाचांनी पेटीच्या मागं हात घातला. तंबाखूचा एक गंजका डबा काढला. इतकी वर्षं मी शेजारी, पण तो डबा मी कधी बघितला नव्हता. त्यांनी तो नेमिनाथापुढं सरकवला.

नेमिनाथानं झाकण काढलं.

डबा अर्ध्यावर भरलेला होता. पिनांची टोकं. चाकूची मोडलेली अणी. कंगव्याचा दात. वाकवलेली तार, सुईचं नेढं, कंपासपेटीतल्या करकटकाचं टोक, एका चमच्याची दांडी घासून सपाट केलेली. शेकड्यांनी…

मी बघत राहिले. या गावातल्या किती घरांतलं असेल ते. कुणाच्या आईचं, कुणाच्या भावाचं, कुणाच्या लेकराचं. माझ्या घरच्या पेटीचं कुलूपही एकदा चाचांनीच दुरुस्त केलं होतं. तेव्हाही मला ते एवढंच म्हणाले होते, झिजलंय. मी पुढं विचारलं नाही. आजही विचारलं नाही.

नेमिनाथानं दोन-चार तुकडे बोटानं बाजूला करून बघितले.

“चाचा, ही सगळी…”

“झिजलेली कुलपं,” चाचा म्हणाले.

त्यानं आपला तुकडा आत सोडला. पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. झाकण लावलं, डबा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि परत दिला.

शुक्रवारचं तो काही बोलला नाही. नावाचंही नाही. हत्यारं पुसली, पेटीत ठेवली, चपला घातल्या आणि बोळाच्या तोंडाकडं चालू लागला.

“नेमिनाथ,” चाचांनी हाक मारली.

तो थांबला. वळला.

चाचांनी कानस किल्लीवर ठेवली. एक हात मारला… दुसरा मारला…

“कुणी विचारलं तर माझं नाव सांग. काय शिकलास, ते सांगू नकोस.”