खोटा ठरवलेला दिवा

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावी एकदा एक वृद्ध वस्ताद राहत होते. वस्ताद कुस्तीचे नव्हेत, मोटारींचे. हमरस्त्याला लागून त्यांचे गॅरेज होते. इंजिनाच्या आवाजावरून ते गाडीचे दुखणे ओळखत. दर चातुर्मासात त्यांचा एक नेम असे: आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, सकाळी उठल्यापासून दुपारच्या पानावर बसेपर्यंत मौन. हा नेम त्यांनी ऐन तारुण्यात धरला आणि कधी चुकवला नाही. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होते. तेवढा वेळ त्यांचा शिष्य सातापा गॅरेज सांभाळी. सातापा तिशी ओलांडलेला, बुद्धीने तल्लख, हाताचा जलद होता. थांबणे तेवढे त्याला जमत नसे.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी हत्यारांची पूजा आटोपते न आटोपते, तोच गुळाचे व्यापारी सुबरावशेठ आपली तांबडी, जमिनीला टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्‌स कार घेऊन दारात आले.

"सातापा, हिचं रडगाणं पुन्हा तेच बघ. तापली की चावी मारून सुरू होत न्हाई. आणि तो तांबडा दिवा सारखा पेटतोय."

सातापाने झाकण उघडले. "शेठ, परवाच तर सगळं बघितलं. पाणी भरलेलं आहे, पंखा फिरतोय, गळती कुठं न्हाई. माझं ऐका, तो उष्णता मोजणारा सेन्सरच खोटं बोलतोय."

"मग बदल की!"

"पुण्याहून यायला पायजे. दिवाळीत कोण पाठवतोय? दुसरी गाडी न्या की उद्याच्याला."

सुबरावशेठांचा चेहरा उतरला. त्यांची थोरली बहीण, अक्का, घाटाखाली कोकणात दिलेली होती. आईच्या आजारपणात कोणी किती केले यावरून बहीणभावांत शब्दाला शब्द लागला होता. तरीही अक्का दर भाऊबीजेला बोलावणे धाडी, आणि शेठ दर वर्षी फोनवर एकच कारण सांगत, "गाडी बंद पडली गं." यंदा अक्का म्हणाली होती, "सुबराव, यायचं तर ये, नाहीतर सरळ नको म्हण. पण गाडीचं नाव पुन्हा सांगू नकोस." आणि शेठांनी यंदा नक्की येतो असा शब्द दिला होता.

"हीच नेणार," ते हळूच म्हणाले. "ल्हानपणी यष्टीच्या खिडकीतून तांबडी गाडी बघितली, की अक्काला म्हणायचो, मोठा झालो की तुला असल्या गाडीतनं फिरवीन. काहीतरी कर, पण दिवा घालव."

सातापाने सेन्सरची वायर सोडवली आणि तिच्या टोकांना विजेचा प्रवाह अडवणारा एक चिमुकला रेझिस्टन्स जोडला. आता इंजिन कितीही तापो, गाडीच्या मेंदूला ते सदैव बेताचेच तापलेले दिसणार होते. काटा मधोमध येऊन स्थिरावला. दिवा विझला. एव्हाना निवलेली गाडी पहिल्या चावीला सुरूही झाली.

"झ्याक!" शेठ म्हणाले.

वस्ताद हे सारे कोपऱ्यातून पाहत होते. ते उठले, गाडीच्या नाकाशी गुडघे टेकून बसले, पुढच्या जाळीत बोट घालून त्यांनी पांढऱ्या कापसासारखा एक पुंजका ओढून काढला आणि तो सातापाच्या तळहातावर ठेवला.

सातापा हसला. "वस्ताद, उसाला तुरे आलेत. सणाचं ह्यो कचरा कुठं काढत बसू?" आणि त्याने तो पुंजका फुंकरीने उडवला.

वस्तादांचा हात उचलला गेला. ओठही विलग झाले. मग त्यांनी बाहेरच्या उन्हाकडे पाहिले. जेवणाला अजून अवकाश होता. त्यांनी ओठ मिटले. दुपारी सांगू, असे त्यांनी मनाशी ठरवले. पण दुपारी घरी पाडव्याचे ओवाळणे झाले, लेकी-जावई आले, नातवंडे अंगावर लोळली. आणि गोष्ट मनातून निसटली.

दुसऱ्या दिवशी घाटात सुट्टीच्या गाड्यांची रांग लागली होती. गोगलगाईच्या चालीने पुढे सरकताना शेठ अधूनमधून काट्याकडे पाहत होते. काटा मधोमध होता. दिवा विझलेला होता. आणि अकस्मात समोरच्या झाकणातून वाफेचा लोट उसळला. गाडी थांबली ती थांबलीच. शेठांनी घाईने झाकण उचलले, तशी वाफ हातावर आली.

तिथे फोनला रेंज नव्हती. शेजारून जाणारा एक टेम्पोवाला म्हणाला, "चला पावणं, खाली सोडतो." पण एवढी हौसेची गाडी रस्त्यात टाकून कसे जायचे, म्हणून गाडी ओढायला कोणाला तरी पाठवण्याचा निरोप त्याच्याकडे देऊन शेठ तिच्यापाशीच थांबले. ओढून नेणारी गाडी आली तेव्हा दिवस मावळला होता. रेंज मिळताच त्यांनी अक्काला फोन लावला.

"अक्का, ह्या वेळी खरंच..."

पलीकडून अक्का म्हणाली, "तीच गाडी ना, सुबराव? असू दे. मी चंद्राला ओवाळलं."

ज्या बाईला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांबडी गाडी गॅरेजात उभी होती. शेठ बाकावर खाली मान घालून बसले होते. सातापाने जाळी सोडवली. आतला, इंजिनाचे पाणी निववणारा रेडिएटर उसाच्या तुऱ्यांनी उशीसारखा गच्च भरला होता. त्याचे हात थांबले. वारा आत शिरतच नव्हता, म्हणून इंजिन तापत होते. तापले की स्टार्टर जड होई, म्हणून चावी लागत नव्हती. आणि बिचारा दिवा तेवढेच तर सांगत होता. आता सेन्सरच मुका केल्यावर पंखा फिरवण्याचा हुकूमही कोणी दिला नव्हता. इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, उष्णतेने वाकले होते.

"वस्ताद," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही मला दाखवलं होतं."

आणि मग गॅरेजात कोणी कधी अपेक्षिले नव्हते ते घडले. सकाळची वेळ होती, एकादशी अगदी तोंडावर आली होती. आणि वस्ताद बोलले.

"दाखवलं, पण सांगितलं नाही."

सातापा दचकला. "वस्ताद! तुमचा नेम..."

"मोडला. मोडायचा होता तो पाडव्याला. तेव्हा मी देवाकडं माझं पुण्य राखत बसलो." वस्ताद बाकावर शेठांच्या शेजारी टेकले आणि सातापाकडे वळले. "लेकरा, तो दिवा पुन्हा पुन्हा पेटत होता. पुन्हा पुन्हा सांगणाऱ्याचा आपल्याला वीट येतो, मग आपण त्यालाच खोटा ठरवतो. तो गप्प झाला की घरात सारं शांत वाटतं. आत मात्र जळतच असतं. तू दिव्याचं तोंड बांधलंस, मी माझं बांधून घेतलं. आपल्या दोघांच्या शांततेत एका बहिणीची ओवाळणी करपली."

शेठ पुटपुटले, "तुमचा काय दोष? मीच दर वर्षी गाडीचं खोटं कारण सांगून खोटा दिवा लावत आलो. खरा लागला, तेव्हा तिनं का मानावा? आणि टेम्पोवाला न्यायला तयार होता हो..."

"उठा," वस्ताद म्हणाले. "माझी जीप आहे. आज तुमच्या बाजूनं मी बोलतो."

दुपारपर्यंत ते तिघे घाट उतरून अक्काच्या दारी पोचले. वस्तादांनी हात जोडून सगळे सांगितले, शिष्याची चूक आणि स्वतःची त्याहून आधी. अक्का उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिने भावाच्या हातावरचे वाफेचे फोड पाहिले आणि आतून तूप आणून लावले. पुढ्यात फराळाचे ताट ठेवले.

शेठ चाचरत म्हणाले, "अक्का, आज ओवाळशील?"

अक्काचे डोळे भरून आले. "न्हाई रे. चंद्राला ओवाळलेलं माघारी कसं घ्यायचं? पुढल्या वर्षी ये." ताट पुढे सरकवत ती म्हणाली, "आदल्या दिवशीच ये. यष्टीनं आलास तरी चालेल."

परतताना घाटात सातापाने विचारले, "वस्ताद, तुमच्या नेमाचं काय आता?"

"पुढल्या आषाढीला पुन्हा धरीन. नुसत्या तोंडाला कुलूप घालणं म्हणजे मौन नव्हे, एवढं कळायला इतकी वर्षं लागली. वेळ पडली तर बोलायला आत एक खिडकी उघडी ठेवावी लागते."

जीपचा उष्णतेचा तांबडा दिवा क्षणभर लुकलुकला. सातापाने लगेच गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, आणि झाकण उघडून तो ते निवण्याची वाट बघत उभा राहिला.

आपल्या घरातही कोणीतरी तेच तेच सांगत असते. आज त्याला गप्प करण्याआधी एकदा जाळीत बोट घालून पाहावे.